कापूस विसरलेली बैठक

मी आमच्या घरच्या बैठकीच्या खोलीचं डिझाइन केलं आणि त्यात कापूस विसरलो.

बाहेरच्या माणसाला यात फार काही वाटणार नाही. पण पांढरकवडा रोडवरच्या आमच्या गावात दिवाळीनंतर बैठकीत पाहुणे बसत नाहीत, कापूस बसतो. वेचणी सुरू झाली की शेतातून गाठोडी येतात, खाट, खुर्च्या, टीव्ही सगळं आतल्या खोलीत जातं आणि भाव बरा येईपर्यंत समोरची खोली कापसाची. लहानपणी त्या ढिगावर मी उड्या मारल्या, झोपलो, अंग खाजवत शाळेत गेलो. असा मी यवतमाळला इंटिरियर डिझाइन शिकायला गेलो आणि नेमकं तेवढंच विसरलो.

शेवटच्या वर्षासाठी खऱ्या घरातली एक खोली कागदावर नाही, तर प्रत्यक्ष करून दाखवायची होती. नागपूरच्या परीक्षक मॅडम ती घरी येऊन बघणार. त्यात नापास म्हणजे वर्ष गेलं. सरांनी सुट्टी लागण्याआधीच बजावलं होतं, "आधी त्या घरातल्या लोकांशी बोला. त्यांना ती खोली कशाला लागते ते विचारा." मी मनात म्हटलं, माझंच घर, विचारायचं कोणाला? आईला? आईला इंटिरियरमधलं काय कळतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा खोली रिकामी होती, त्यामुळे माझं डोकंही तसंच होतं. सुताराकडून भिंतीला धरून बसकी लाकडी बैठक ठोकून घेतली, मधे ठेंगणं टेबल, भिंतींना मातीचा रंग आणि छतापासून खाली लोंबणारे दिवे, त्यांना वेताच्या टोप्या.

बाबांनी दिव्यांकडे पाहिलं. "हे डोक्स्याले लागन."

"बाबा, याले मूड म्हनते."

"लागल्यावर कोनता मूड येते ते पाहू."

आई दारात उभी राहून म्हणाली, "हे बसायचं पक्कं ठोकलं काय रे? हलत नाही?"

"अजिबात नाही," मी अभिमानाने म्हणालो.

ती काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली. मला वाटलं, भारावली.

परीक्षा दिवाळीनंतर लागली. आदल्या दिवशी ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून मी घरी पोहोचलो. बैठकीचं दार अर्धंच उघडलं. आत पांढरं. बैठक नाही, टेबल नाही, मातीचा रंग नाही. वेताच्या टोप्या तेवढ्या वर दिसत होत्या, जणू माणसं गळ्यापर्यंत बुडून उभी आहेत. कापसाजवळ गरम बल्ब नको म्हणून बाबांनी बल्ब काढून ठेवले होते. टोप्या मात्र माझ्या मानासाठी राहू दिल्या असाव्यात.

"बाबा, उद्या मॅडम येऊन राह्यल्या. हे हलवा न."

"कुठी हलवू? तुह्या होस्टेलात नेऊ?"

मी आईकडे वळलो. "तू मले काहून नाही सांगितलं?"

"मले वाटलं, तू कापसाचा काही इचार केला असशीन. शिकून राह्यला म्हनून गप्प बसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि आमचे सर आले. मी दार अडवून उभा राहिलो. "मॅडम, आधी ड्रॉइंग बघू."

"खोली कुठे आहे?"

"आहे, मॅडम. खाली आहे."

मॅडमनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. सरांनी आकाशाकडे पाहिलं. मी माझं गेलेलं वर्ष पाहिलं.

मग मॅडमनी चपला काढल्या आणि आईला विचारलं, "वर चढलं तर चालेल?"

"चढा न बाप्पा. अंग खाजवन, मंग म्हनसान सांगितलं नाही."

मॅडम चढल्या आणि एका टोपीशेजारी ऐसपैस बसल्या. मागून सर निघाले, ते कमरेपर्यंत रुतले. त्यांना ओढायला मी गेलो, तर मीही रुतलो. बाबा दाराला धरून हसत होते, आणि खरं सांगायचं तर रुतल्या रुतल्या मलाही हसू आवरेना.

"काकू, तुम्हाला ही खोली कशी हवी होती?" मॅडमनी वरून विचारलं.

"मले त रिकामीच बरी होती."

मॅडमनी माझ्याकडे कोरा कागद टाकला. "बसा इथेच. कापसासकट खोली काढा."

कापसावर पालथा पडून मी काढत सुटलो. बैठक बिजागरीवर घेतली, म्हणजे वेचणी आली की उचलून भिंतीला लावायची. टेबलाचे पाय घडीचे केले. दिवे छताला चिकटवून त्यांना खालून झाकण दिलं. मान खाजवत होतो, पाठ खाजवत होतो, पण तीन वर्षांत हात इतका मोकळा कधी चालला नव्हता. हे शिकायला आपण आलो होतो, असं पहिल्यांदा वाटलं, आणि तेही घरीच, पोटाखाली कापूस असताना.

मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला. "हे आधी का नाही सुचलं?"

"आधी कापूस नव्हता, मॅडम."

त्या हसल्या. ओसरीत चहा घेताना त्यांच्या केसांत कापूस होता, सरांच्या मिशीत कापूस होता आणि माझा जीव त्यांच्या हातातल्या पेनात होता. मॅडमनी कप खाली ठेवला. "काकू, तुम्हीच सांगा. करायचं का याला पास?"

आईने माझ्याकडे वरून खाली पाहिलं.

"करून टाका पास, मॅडम. पन माह्या घराले याले पुन्हा हात लावू देऊ नका."