गाव मात्र खरं सांगितलं

डी.एड. होऊन चार वर्षं मी घरी बसले होते. वडील ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये होते ती बंद पडलेली. त्यामुळे जळगावात 'बँकेचं काम' मिळालं तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. बँक म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या, आठ फोन आणि हातात एक कागद. खातं बंद होणार आहे, मोबाईलवर आलेला नंबर सांगा, एवढंच वाचून दाखवायचं. हे कसलं काम, असं पहिल्याच आठवड्यात मनात आलं. पण पगार वेळेवर झाला आणि मी गप्प बसले. मला कळलं होतं की नव्हतं, हे आजही धड सांगता येत नाही. स्वतःचाच राग येतो.

साहेब म्हणायचे, "शुद्ध बोललं की लोक फोन ठेवतात. तू आपल्या बोलीत बोल."

एकदा अमळनेरकडच्या एका म्हाताऱ्या बाईंना फोन लागला. मी अक्का म्हणून सुरुवात केली. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तू कोन्या गावनी शेस व माय?"

आमच्याकडे वडीलधाऱ्याने असं विचारलं की तोंड आपोआप उघडतं. कागदावर माझं खोटं नाव होतं, खोटं गाव नव्हतं. मी खरं सांगून बसले, वर घर देवळामागे हेही.

"मनं माहेर तठलंच शे!" म्हणत त्यांनी नंबर सांगून टाकला. मी तो लिहून साहेबांना दिला. का दिला? हात लिहीत होता, एवढंच आठवतं.

पुढच्या मंगळवारी सुट्टीला घरी गेले, तर फोनवरच्या त्या अक्का आमच्या ओट्यावर; आवाजावरूनच ओळखलं. देवळामागची बँकेतली पोरगी विचारत आल्या होत्या, सोबत पिशवीभर वांगी. आई कौतुकाने चहा देत होती.

"माय, बठ्ठा पैसा गया. तू बँकमा शेस, देख ना काय व्हयनं."

संशयाने विचारत नव्हत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई म्हणाली, "जाय, लई जाय त्यासले तुनी बँकमा."

निघालो. एसटीत मी पाकीट काढलं, तर अक्कांनी माझा हात दाबला. "तू मनी माहेरनी पोर शेस. तिकीट मी काढस."

कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठे उतरणार. अक्का पैसे हातात धरून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला एकाही गावाचं नाव सुचेना.