शेजारणीच्या देवीचं धान

ओल्या मातीचा वास आला की इथलं, नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातलं ते नवरात्र आठवतं. समोरची डच शेजारीण विक्कन, निसर्गदेवीला पुजणारी. "ईस्टरची अंडी मुळात आमच्या देवीची, चर्चने नंतर उचलली," असं ठासून सांगायची. माझा घट बघून तिने मूठभर गहू मागून नेले. दसऱ्याला माझं धान खुरटं, विरळ. तिच्या देवीपुढे मात्र हिरवंगार रान! माझा नुसता जळफळाट झाला. "काय घातलंस गं?" मी विचारलं. "मी कुठे? तुझी लेकच रोज येऊन पाणी घालते." आरतीला चार हाका मारल्या तरी खोलीतून न हलणारी माझी लेक! आता ती दूर शिकते. यंदा नवरात्रात तिने फोनवर आधी शेजारणीच्या घटाची चौकशी केली. समोरच्या खिडकीतलं हिरवं धान बघत मी म्हटलं, "विरळच आलंय."