ब्रांडाऊसाहेबांचा डावा कान

ब्रांडाऊसाहेबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून हे पुस्तक निघतं आहे, आणि त्यात माझेही चार शब्द हवेत असं मंडळींचं म्हणणं पडलं. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे, नात मुक्ता उतरवून घेते आहे. कुठे चुकलं तर तिचं.

साहेबांची पहिली भेट दोह्यातल्या एका शाळेच्या सभागृहात झाली. माझा मुलगा तिथून तासाभरावर, कतारमध्येच दुखानला तेलकंपनीत. दर शुक्रवारी तो मुक्ताला व्हायोलिनच्या तालमीला गाडीने आणायचा, आणि घरी एकटी नको म्हणून मलाही. पन्नासेक माणसं वाजवत होती आणि एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ त्यांच्यासमोर काठी हलवत होते. मधल्या सुट्टीत मी विचारलं, "साहब, सब लोग बजाता है, आप क्या बजाता है?"

"मैं गुस्सा करता है, आजी," ते म्हणाले.

त्यांचं हिंदी टॅक्सीत शिकलेलं, माझं टीव्हीसमोर. त्यामुळे आमचं जमलं.

साहेबांचा जन्म जर्मनीतल्या नदीकाठच्या एका लहान गावातला. वडील चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करत, आणि कुठली नळी बेसूर आहे ते हा मुलगा खालून ओरडून सांगे. त्याच कानावर पुढे त्यांनी जन्म काढला. आधी नाट्यगृहात गायकांच्या तालमींना पियानो वाजवला, मग मोठमोठ्या वाद्यवृंदांचे संचालक झाले, देशोदेशी गेले. निवृत्तीनंतर मुलीकडे दोह्याला दोन महिन्यांसाठी आले. ती मेट्रोच्या कामावर इंजिनिअर. इथल्या हौशी लोकांचं वाजवणं त्यांनी एकदा ऐकलं. "ऐकवेना, म्हणून राहिलो," असं ते सांगतात.

शिस्त कडक. कुणाच्या खुर्चीचा पाय करकरला तरी पन्नास माणसं थांबायची. पण एकदा त्यांनी अशीच तालीम थांबवली आणि सरळ माझ्याकडे चालत आले. मी एसीखाली पाय पदरात गुंडाळून बसले होते. त्यांनी माझी खुर्ची स्वतः उचलून भिंतीकडे नेली, परत गेले आणि काठी उचलली.  सगळे मात्र माझ्याकडे बघत होते, ते मला काही बरं वाटलं नाही.

पुढे फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी जोरात सुरू झाली. जिकडे पाहावं तिकडे क्रेन. दोह्याला लागूनच्या लुसैलला परदेशी पाहुण्यांसमोर आपल्या वाद्यवृंदाने वाजवायचं ठरलं. साहेबांच्या दोह्यातल्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचा तोच मोठा दिवस. तेव्हाच एका शुक्रवारी त्यांनी सगळ्यांच्या जागा बदलल्या. मुक्ताची कच्ची मंडळी डावीकडून उठवून उजवीकडे बसवली, सेलो, म्हणजे ती गुडघ्यांत धरून वाजवायची मोठी व्हायोलिनं, डावीकडे नेले. "जुनी जर्मन पद्धत," म्हणाले.

पद्धत असेलही. पण माझाही एक कान गेलेला आहे. लग्नात मी कुठल्या बाजूला बसायचं ते आधी ठरवते. सुट्टीत मी त्यांच्यासमोर उभी राहिले, डाव्या कानावर तळहात ठेवला आणि भुवया उडवल्या. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मान हलवली, आणि ओठावर बोट ठेवलं.

मी गप्प राहिले. घरी विचारा, हे किती अवघड गेलं असेल.

सेलोंमध्ये बीना नावाची केरळची नर्स आहे. ड्युटी संपवून तशीच तालमीला येणारी. त्या महिन्यात तिची एक तार सारखी उतरायची आणि ती बेसूर वाजवत राहायची. खुर्चीच्या पायाला थांबणारे साहेब थांबेनात. तिसऱ्या शुक्रवारी ती बाहेर जिन्यावर रडत बसली होती. मुक्ता मला सांगत आली, "आजी, शी इज लीव्हिंग. सर तिला काही बोलतच नाहीत. तिला वाटतं, त्यांनी तिचा नाद सोडला."

मी साहेबांना गाठलं. "बीना जाता है. आपका कान का वास्ते."

"बोलेगा तो लुसैल खलास, आजी. दूसरा आदमी लाएगा."

"और नहीं बोलेगा तो बीना खलास."

त्यांनी काठी काखेत मारली. मग म्हणाले, "आप बहुत खराब औरत है."

"घरवाला भी यही बोलता था," मी म्हटलं.

सुट्टी संपली. साहेबांनी बीनाला जिन्यावरून बोलावून घेतलं, काठी खाली ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, की त्यांचा डावा कान गेल्या वर्षीच गेला आहे. डावीकडे काय चुकतं ते त्यांना कळत नाही. दोष बीनाचा नाही, लपवणाऱ्याचा आहे. यापुढे डावीकडे काही बिघडलं तर शेजाऱ्याने हात वर करावा. त्यांचं इंग्रजी मुक्ता माझ्या कानात मराठी करून सांगत होती. बीनाने तिथेच तार पिळून घेतली.

लुसैल गेलंच. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी बाहेरून एक तरुण संचालक आणले. साहेबांनी आपल्या खुणा केलेल्या स्वरलिपीच्या वह्या त्यांना दिल्या, आणि ते येईपर्यंतच्या सगळ्या तालमी स्वतः घेतल्या, पाचाच्या ठोक्याला.

कार्यक्रमाला ते माझ्या शेजारी प्रेक्षकांत होते. सगळ्यात डावीकडची खुर्ची त्यांनी मागून घेतली होती, म्हणजे सगळा मंच उजव्या कानाला. टाळ्या वाजवून झाल्यावर ते तडक बीनाकडे गेले आणि तिच्या दोन चुका सांगितल्या. ती इतकी खूश झाली, की भेटेल त्याला त्या दोन चुका सांगत सुटली.

हा वाद्यवृंद अजूनही दर शुक्रवारी पाचला बसतो आणि साहेब अजूनही गुस्सा करतात. देवाने त्यांची तब्येत अशीच ठणठणीत ठेवावी आणि आमच्या चुका संपेपर्यंत त्यांना आयुष्य द्यावं. मुक्ताचं वाजवणं मी घरी रोज ऐकते. चांगली पन्नास वर्षं तरी लागतील.