सलीमभाईला खांद्यावर घ्यायचं राहून गेलं

मित्रांनो, आमच्या क्लबचा गोलकीपर सलीमभाई आज लातूर सोडून गेला. आता पुण्याकडून खेळणार.

जाणाऱ्या खेळाडूला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची, ही आमची रीत. सगळे दहाला जमणार होतो. नेमका साडेनऊला टँकर आला, तोही आठ दिवसांनी! अख्खी टीम अन् आम्ही चाहते घागरी घेऊन रांगेत अडकलो.

शेवटी बॅग घेऊन तोच रांगेत आला. एकेकाला भेटत माझ्यापाशी पोचला. नंबर जाईल म्हणून कोणालाच हलता येईना.

"भाई, जा. गाडी सुटंल," मी म्हणलो.

"अन् तुम्ही?"

"आमचा नंबर लई मागं हाय."

तो ऑटोत बसला. हात हलवायला मी वळलो, तर मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, पुढं सरका!"

मी सरकलो. तुम्ही काय केलं असतं?