भेस्तानची डाटसन

मिलमध्ये आज कुठला रंग चालला, हे रंभाबाईला नवऱ्याची नखं पाहून कळायचं. नखं मोरपिशी असली की लग्नसराईच्या साड्या, राणी रंगाची असली की मारवाडकडे जाणारा माल. रामजी तायडे पलसाण्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांचे रंग कालवायचा. बहात्तरच्या दुष्काळात मलकापूरहून तो सुरतेला आला. आधी रंगाच्या बादल्या विसळल्या, मग दुसऱ्याचे रंग ढवळले, आणि होता होता अशी नजर कमावली की व्यापाऱ्यानं चिंधी पुढे टाकावी आणि रामजीनं तोच रंग उभा करून दाखवावा. एरवी माणूस गरीब गाय. जेवणात मीठ नसलं तरी बोलायचा नाही. रंगाच्या बाबतीत मात्र नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

असा हा माणूस एका मोटारीच्या नादी लागला. मोटार जपानी, डाटसन, एकाहत्तर सालची. मिलच्या शेठच्या थोरल्या भावानं नैरोबी सोडताना ती जहाजात घालून आणली होती. थोरले शेठ वारले, गाडी बंद पडली, तिचे भाग सुरतेत कुणाकडे मिळेनात, म्हणून बॉयलरमागे कोळशाच्या ढिगाला टेकून ती वर्षानुवर्षं उभी राहिली. रामजी दुपारचा डबा तिच्याच आडोशाला बसून खायचा. एकदा सहज त्यानं दार उघडून लावलं. एवढा गंज चढलेला, पण दार कसं हळूच आणि घट्ट बसलं! त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. त्या दिवशी भाकर डब्यात तशीच राहिली.

मग तो शेठकडे गेला आणि चाचरत म्हणाला, ती डाटसन मला द्याल का?

"लई जा ने, रामजीभाई," शेठ म्हणाले. "जगा रोके छे." जागा अडवून बसलेली ब्याद कुणी नेली तर त्यांना हवीच होती.

मिलच्या ट्रॉलीवर लादून गाडी भेस्तानच्या वस्तीत आली आणि घरापुढच्या एवढ्याशा अंगणात विटांवर उभी राहिली. अंगण संपलं. रंभाबाई चौकटीत उभी राहून बघत होती.

"हे काय आणलं बापा?"

"मोटार हाय."

"मंग चाकं कुठी हायेत?"

"येतील," रामजी म्हणाला. एवढ्या गोड आवाजात तो बायकोशीही कधी बोलला नव्हता, असं ती नंतर सगळ्या वस्तीला सांगत फिरली.

चाकं काही लगेच आली नाहीत. तोवर रंभाबाईनं गाडीला कामाला लावलं. बॉनेट उन्हानं छान तापायचं, त्यावर तिनं कुरडया वाळत घातल्या. डिकीत मांजर व्यालं. रविवारी रामजी गाडीखाली शिरायचा आणि फक्त पाय बाहेर दिसायचे. येणारेजाणारे त्या पायांनाच "जय भीम" घालून पुढे जायचे. पहिले दोन महिने तर नुसते पान्यांनी खाल्ले. मिलमधले जुने पाने इंचाचे, जपानी नट मिलिमीटरचे. पाना बसल्यासारखा वाटायचा आणि नेमका जोर लावला की सटकायचा. सोललेल्या बोटांनी रामजी हसायचा. त्याला या सगळ्याचा काय आनंद होत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दिवसभर माणूस लांबच लांब कापड रंगवतो, ते गाठोडं बांधून कुठल्या कुठे निघून जातं. ही मोटार कुठे जात नव्हती. काल घासलेला दांडा आज तिथेच चकाकत असायचा.

वस्ती मात्र मनसोक्त हसत होती. रामजीचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पण शहाण्णव सालच्या जयंतीला एक गोष्ट घडली.

दरवर्षी चौदा एप्रिलला वस्तीची मिरवणूक निघायची, बाबासाहेबांची तसबीर भाड्याच्या टेम्पोवर ठेवून. त्या वर्षी उधन्याच्या नाक्यावर पोचतो न पोचतो तोच टेम्पोवाल्याला कांद्याच्या गोण्यांची वर्दी आली. त्यानं भर रस्त्यात गाडी थांबवली. लोकांनी हातापाया पडून पाहिलं. "गाडी मेरी है," तो म्हणाला, आणि तसबीर खाली उतरवायला लावली. पुढची सगळी वाट बापयांनी ती आळीपाळीनं छातीशी धरून नेली. ढोल वाजत होता, पण कुणी नाचेना. रंभाबाई पदर तोंडात धरून रडत चालली होती. रामजीला ते पाहवेना. तो रस्त्यातच थांबला आणि जन्मात कधी ओरडला नव्हता एवढ्यानं ओरडला, "पुढच्या जयंतीले बाबासाहेब माह्या गाडीतून जातील! भाड्याच्या नाही!"

लोकांनी मागे वळून पाहिलं. त्या वेळी त्याची गाडी विटांवर उभी होती आणि डिकीत मांजरीची पिल्लं होती.

पण शब्द गेला तो गेला. रामजीनं वर्षभर जिवाचं रान केलं. डाटसनचे भाग मिळत नव्हते, तर त्यानं दुसऱ्याचे तिला बसवले. चाकं भंगारातून एकेक करून जमवली. पुढचे दिवे अँबेसेडरचे, हॉर्नही तिचाच. ब्रेकचे रबर फियाटचे. पाण्याच्या पंपाचा दांडा उधन्याच्या लेथवर नवा कातून घेतला. दारांच्या कडेचं रबर कुठेच मिळेना; तेव्हा छपाईच्या मशिनवरचा जाड रबरी पट्टा निकामी होऊन पडला होता, तो त्यानं मागून आणला आणि चाकूनं कापून कापून चारी दारांना बसवला. दार पुन्हा हळूच, घट्ट लागलं. गाद्यांच्या खोळी रंभाबाईनं शिवल्या, मिलच्या डागी कापडातून. त्यावर ताटाएवढाले गुलाब होते. "मोटार हाय का लग्नाची रजई?" असं विचारणाऱ्या शेजारणीला तिनं चहा पाजला नाही.

फेब्रुवारीत इंजिन सुरू झालं. एवढा धूर निघाला की वस्तीतल्यांना कुठे आग लागली असं वाटलं आणि माणसं बादल्या घेऊन धावली. धुरात मध्ये रामजी उभा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते धुराचं असल्याचं तो आजही सांगतो.

आता राहिला रंग, आणि तो तर त्याच्या हातचा मळ. गाडी निळी करायची, झेंड्याचा निळा. त्यासाठी वस्तीतल्या विहारातल्या जुन्या विरलेल्या झेंड्याचा तुकडा त्यानं खिशात ठेवला. फवारा मारायला होता धम्मरत्न, रंभाबाईच्या बहिणीचा लेक. तो एका गॅरेजात गाड्या रंगवायचा. तेरा एप्रिलला रविवार होता, गॅरेज बंद, तेव्हाच मालकाकडून कॉम्प्रेसर मिळाला. अंगणाला जुन्या साड्यांचे पडदे लागले. रामजीनं रंग कालवायला घेतला. झेंड्याच्या तुकड्याशी जुळला तरी त्याचा हात थांबेना. तो गडद निळा टाकतच राहिला.

"काका, एवढा काहून टाकता? जुळला ना."

"ओला रंग गडदच लागते. वाळला की उतरते."

"ते कापडाचं असंल. हा पत्र्याचा रंग हाय, हा वाळला की..."

"पोरा, तू जन्मला नव्हता तवापासून रंग कालवून राह्यलो मी. तू फवारा मार."

धम्मरत्ननं फवारा मारला. दुपारी गाडी अशी देखणी दिसली की रामजी तीनदा आंघोळ केल्यासारखा ताजातवाना होऊन फिरत होता. आणि मग ऊन कलायला लागलं. रंग उतरेल म्हणून रामजी ओट्यावर वाट बघत बसला, तर तो उतरायच्या ऐवजी चढतच गेला. कापड वाळलं की फिकं होतं, पत्र्याचा रंग वाळला की दाट होतो. ही साधी गोष्ट सगळ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक होती, फक्त साड्या रंगवणाऱ्याला नव्हती. त्यानं खिशातला झेंड्याचा तुकडा काढून बॉनेटवर धरला. कुठे ते मोकळं निळं आणि कुठे हे मिट्ट! त्यानं कपाळावर हात मारला. नखंही तसलीच मिट्ट झाली होती. डब्यात रंगाचा थेंब उरला नव्हता.

जयंती समितीचे अध्यक्ष शालिग्रामभाऊ तसबीर घेऊन आले. तसबीर रात्री रामजीकडेच राहायची होती, सकाळी गाडीच्या टपावर बांधायला. गाडीभोवती माणसं जमली होती आणि कुणी हसत नव्हतं, हे रामजीला जास्त लागलं.

"रामजीभाऊ," शालिग्रामभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "आपला निळा असा नसते. हा काळाच दिसते. मिरवणुकीपुढं काळी गाडी... लोकं काय म्हनतीन? टेम्पो सांगून ठिवू का?"

जिवापाड जपलेली एकच गोष्ट, रंग, आणि नेमकं त्यातच रामजी तोंडावर आपटला होता. गाडी चालत होती, दारं लागत होती, आणि तरी बाबासाहेब भाड्याच्या टेम्पोतूनच जाणार होते. तो मान खाली घालून ओट्यावर जाऊन बसला.

रंभाबाईनं मात्र एव्हाना तसबीर हातात घेतली होती. तिनं पदरानं काच पुसली, अंगणात आली आणि उजेडात बघता यावी म्हणून तसबीर बॉनेटला टेकवून उभी केली. मग ती दोन पावलं मागे सरली आणि तिथेच थांबली.

"अवो," ती म्हणाली, "इकडं या बरं."

रामजी जड पायांनी उठला.

"झेंड्याचा नाही झाला, खरं हाय," रंभाबाई म्हणाली. "पण हा पाहा ना. हा तर बाबासाहेबांच्या कोटाचा निळा हाय."

सगळे वाकले. तसबिरीतला कोट, आणि त्याला लागून डाटसनचं बॉनेट. कुठे कोट संपतो आणि कुठे मोटार सुरू होते, सांगता येईना. रामजीनं आयुष्यात हजारो रंग जुळवले असतील, इतका अचूक एकही जुळला नव्हता, आणि हा तर त्यानं जुळवलाच नव्हता. तो तसबिरीकडे बघत लहान मुलासारखा हसायला लागला. शालिग्रामभाऊंनी टोपी काढून काखेत धरली. "जय भीम!" ते म्हणाले, आणि मग टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही.

सकाळी मिरवणूक निघाली. टपावर तसबीर, झेंडूचे हार, स्टिअरिंगशी रामजी, मागे गुलाबांच्या गादीवर रंभाबाई ताठ बसलेली. मोटारीत बसायची तिची ही पहिलीच वेळ होती. पोरं पुढे नाचत होती, बाया मागे गात होत्या, आणि डाटसन माणसाच्या चालीनं न कुरकुरता चालली होती.

उधन्याच्या नाक्यावर टेम्पो उभे राहायचे. गर्दीमुळे मिरवणूक तिथे थांबली. गेल्या वर्षीचा टेम्पोवाला आपल्या टेम्पोला टेकून बिडी ओढत होता. समोर येऊन उभी राहिलेली ती चकचकीत निळी गाडी पाहून तो पुढे आला, चारी बाजूंनी फिरला आणि खिडकीशी वाकला.

"बहुत बढिया है," तो म्हणाला. "किसकी गाडी है?"

रामजी तोंड उघडणार, तोच मागून रंभाबाई बोलली. परक्या माणसाशी ती कधी बोलायची नाही, आणि हिंदी तर तिला येतच नव्हती.

"आमची," ती म्हणाली. "आमची हाय."

रामजीनं हॉर्न दाबला, अँबेसेडरचा तो भोंगा दणदणून वाजला, आणि मिरवणूक पुढे सरकली.