वीस मिनिटांचा सौदा

हेल्थ कोचिंगच्या पदव्युत्तर पदविकेच्या अर्जात एक रकाना होता. आरोग्याशी संबंधित कामाचा अनुभव, किमान दोन वर्षे. मी लिहिलं, सतरा वर्षे. खाली खुलासा केला, की डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन लोणार, बीबी, डोणगाव आणि मधली सगळी खेडी मी पायी फिरले आहे. जुने कपडे घ्यायचे आणि भांडी द्यायची, हा माझा धंदा. पुण्याकडे आम्हाला बोहारीण म्हणतात. त्या सतरा वर्षांत ज्या ओसऱ्यांवर बसले, तिथे कोणाच्या पायाला सूज आहे, कोणाची जखम महिनाभर भरत नाही, कोणती बाई सगळ्यांचं झाल्यावर ताटातलं उरलंसुरलं खाते, हे मला डॉक्टरच्या आधी कळायचं. नंतर लोणारला भांड्यांचं दुकान टाकलं. त्याच दुकानात बसून मुक्त विद्यापीठाची बी.ए. केली.

पुण्याच्या त्या संस्थेचं उत्तर दोन ओळींचं होतं. नर्स, आशा, आहारतज्ज्ञ, व्यायामशाळेतला प्रशिक्षक यांचा अनुभव धरला जातो. माझा धरता येत नाही. व्यायामशाळेत दोन वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचं चालतं आणि माझी सतरा चालत नाहीत, हा राग मी अजून सोडलेला नाही. सोडायचा विचारही नाही.

डॉक्टर सांगतात, गोड कमी करा, चाला, वजन उतरवा. माणूस हो म्हणून घरी येतो आणि होतं तसंच चालू राहतं. डॉक्टरचं सांगणं रोजच्या दिवसात बसवायला जो सोबत करतो, तो हेल्थ कोच. आमच्या गल्लीत घरटी एक साखरेचा रोगी आहे. मला त्यांच्या ओसरीवर पुन्हा बसायचं होतं, पण या वेळी भांडेवाली म्हणून नाही.

मी समन्वयक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, नियम आहे. मी म्हटलं, मग नियमांचं पुस्तक पाठवा. जुनी साडी घेताना मी ती उजेडासमोर धरते, म्हणजे विरलेली जागा दिसते. ते पुस्तक मी तसंच वाचलं. एका कलमात सापडलं, की पदवी असून अनुभव नसलेल्यांना सशर्त प्रवेश देता येईल. चार फोन आणि दोन अर्जांनंतर तो मला मिळाला. अट अशी, की पहिल्या सत्रात प्रत्येक विषयात किमान ब श्रेणी हवी. एका विषयात जरी कमी पडली तरी प्रवेश रद्द, आणि नवा अर्ज वर्षभरानंतर. माझं वय अठ्ठेचाळीस. वर्षभर थांबायची माझी तयारी नव्हती.

लेखी विषय ब श्रेणीने सुटले. तास संध्याकाळी मोबाइलवर असत. मी गिऱ्हाईक आटपून, शटर अर्धं ओढून बसायची. हजेरी एकदाही चुकवली नाही. अडलं ते प्रात्यक्षिकात. खऱ्या माणसाची परवानगी घेऊन त्याच्याशी केलेलं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं.

मी बीबी गावची चाची निवडली. ती ब्लाउज शिवते, माझं जुनं गिऱ्हाईक, आणि तिची साखर कायम वाढलेली. इथे तिच्याबद्दल लिहिते आहे तेही तिला विचारूनच. चाची म्हणाली, डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे, रोज दहा मिनिटं चालीन म्हणते. मी म्हटलं, दहा मिनिटांत काय होतं, तीस कर. ती म्हणाली बारा. मी पंचविसावर आले. ती पंधरावर चढली. शेवटी वीसवर सौदा पटला आणि मी खूश होऊन रेकॉर्डिंग बंद केलं.

निकाल आला तो अनुत्तीर्ण. मी मॅडमना फोन करून जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज ऐकून शेजारचा चपलांच्या दुकानाचा मालक बाहेर येऊन उभा राहिला होता. मॅडमनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की परीक्षकाच्या मतावर अपील होत नाही, प्रक्रिया चुकली असेल तरच होतं. प्रवेश रद्द होण्याआधी फेरसंधी एकच आणि तीही तीस दिवसांत.

मी पुन्हा पुस्तक काढलं. त्यात होतं, की नापास केलेल्या विद्यार्थ्याला कारणं लेखी द्यायची. मला कोणी लेखी काही दिलं नव्हतं. तेव्हा मॅडमना लिहिलं, की कारणं हातात पडतील त्या दिवसापासून माझे तीस दिवस मोजा. त्यांना ते मान्य करावं लागलं. ही खेप मी जिंकले, आणि जिंकून जे हाती आलं ते वाचून माझं डोकं जास्तच फिरलं. दीड पान होतं. रेकॉर्डिंगच्या बारा मिनिटांत त्या व्यक्तीला तीन मिनिटंही बोलायला मिळालेलं नाही. ती का चालत नाही, हे एकदाही विचारलेलं नाही. ठरलेलं उद्दिष्ट विद्यार्थिनीचं आहे, त्या व्यक्तीचं नाही.

परीक्षकाला खोटं पाडायचं म्हणून दुसऱ्याच दिवशी बस धरून बीबीला गेले. चाचीला विचारलं, वीस मिनिटं चालतेस ना?

"दोन रोज चालली. मग सोडलं."

"काऊन? तूच तर कबूल केलं होतं."

चाचीने दातात धरलेला दोरा तोडला. "बाई, तू भाव करून राह्यली होती. तू उठून जावी म्हणून मी वीस म्हटलं. तुह्याशी कोण भांडत बसते?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण हे मला माहीत होतं. जी बाई बोलून बोलून थकते आणि कटकट नको म्हणून साडी देऊन टाकते, ती दुसऱ्या दिवशी पातेलं परत करून साडी मागायला दारात उभी असते. असा सौदा टिकत नाही, हे मी धंद्याच्या पहिल्या वर्षात शिकले होते. तरी चाचीच्या बाबतीत तेच करून बसले.

आठवड्याने पुन्हा गेले. रेकॉर्डिंग सुरू करून चाचीला एवढंच विचारलं, की चालायला निघतेस तेव्हा काय होतं. आणि गप्प बसले. चाचीचं शिलाई मशीन खडखडत होतं. बोलायचं इतकं मनात येत होतं की मी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं. बऱ्याच वेळाने मशीन थांबलं.

"काय होते? दहा पावलं जात नाही तं कोणी ना कोणी पुसते, कुठं चालली चाची. काय सांगू? कुठंच नाही? रिकामी बाई रस्त्यानं फिरते म्हणतात लोकं."

मी खेडोपाडी फिरले, पण माझ्या डोक्यावर टोपली होती. मला कधी कोणी कुठे चाललीस म्हणून विचारलं नाही. हे मला सतरा वर्षांत सुचलं नव्हतं. मी विचारलं, मग कशी निघशील?

चाचीने हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाली, शिवलेले कपडे न्यायला बाया माझ्याकडे येतात. त्यांना येऊ देणार नाही. संध्याकाळी मीच घरपोच देईन. हातात पिशवी असली म्हणजे कोणी पुसत नाही. आठवड्यात तीन रोज, गावाच्या त्या टोकापर्यंत.

तीनच रोज का, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

महिन्याभराने निकाल आला. प्रात्यक्षिक, ब. प्रवेशावरील अट काढून टाकण्यात येत आहे. कुठे आणखी एखादं कलम लपलंय का, म्हणून मी ते पत्र दोनदा वाचलं. नव्हतं. मग ब वर नजर गेली. काठावर पास करण्यासारखं ते रेकॉर्डिंग नव्हतं. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज अर्धा भरला, तेवढ्यात नियम दिसला, की फेरतपासणीत श्रेणी घटली तर घटलेलीच कायम राहील. तो अर्ज तसाच सोडला आणि दुसऱ्या सत्राच्या नोंदणीचा भरला. त्यात प्रात्यक्षिकासाठी पाच नवी माणसं लागतात. गल्लीतल्या तिघींनी, आम्हाला घेशील का, असं आधीच विचारून ठेवलं आहे.

त्या दिवशी दुकान लवकर बंद करून चाचीला सांगायला बीबीला गेले. मशीनवर कापड झाकलेलं होतं. सून म्हणाली, अम्मी ब्लाउज द्यायला गेली.

"येईल ना आता?"

"आता कुठची? जिच्या घरी जाते तिथं बोलत बसते. मग दुसऱ्या गल्लीनं फिरून येते. रोजचंच झालं हे."

वाट पाहणं मला जमत नाही. शेवटच्या बसला वेळ होता आणि मी दोनदा उठून रस्त्याकडे पाहून आले. चाची काही दिसली नाही. सुनेने चहा टाकला. मी ओसरीवर बसले.