दोघांनी चालवायचं मशीन

तेराव्याला आलेली मंडळी परतली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फाटकाशी लोडिंग रिक्षा थांबली. तिच्यातून प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या उतरल्या. मुलाने इंदूरहून मागवल्या होत्या.

"बाबा, उद्या मजूर येतील. हे सगळं खरवडतील आणि वर ही लॉन अंथरतील. पाणी नको, कापणं नको. बारा महिने हिरवंगार."

हे सगळं म्हणजे त्याच्या आईची हिरवळ. देवासच्या या घरापुढे तिने दूब, म्हणजे आपली हरळी, टोचून टोचून ती केली होती. उन्हाळ्यात नळ रुसला की तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून ती गवताला घालायची. आता आषाढ होता. सुतकात कुणी कापलं नाही म्हणून गवत पोटरीला लागत होतं. मला त्या गवताचाही राग आला होता. घरातलं माणूस गेलं, आणि हे खुशाल वाढतंय.

पण खरवडायचं?

"आईला जाऊन किती दिवस झाले रे?" मी विचारलं.

"तुमच्यासाठीच करतोय ना. तुम्हाला झेपणार आहे का हे? तुम्ही तर नुसती दोरी ओढायचा."

ते खरं होतं. आमचं गवत कापायचं मशीन हाताने ढकलायचं, जुनं आणि जड. मागून दांडा ती धरायची, पुढे बांधलेली दोरी मी ओढायचो. डोक्यात वाचलेलं काही घोळत असलं की माझी पावलं मंदावत. मग मागून हाक यायची, "अहो, बैल झोपला की काय?" शेजारी भिंतीवरून आपल्या माळवी हिंदीत हसायचे, "भिया, आज फिर भाभी ने जोत दिया!"

सुतकात मी सगळं ऐकून घेतलं होतं. 'सुटली बिचारी' ऐकलं, 'आता घर विकून मुलाकडे जा' ऐकलं, आणि मान हलवली. त्या सकाळी मात्र ओरडलो.

"एक काडी उपटलीस तर मजुरांसकट फाटकाबाहेर काढीन तुला!"

मुलगाही चिडला. "कापा मग तुम्हीच!"

"कापीन."

मशीन बाहेर काढलं, दांडा धरला आणि रागाने पुढे लोटलं. दोन हात गेलं आणि अडकलं. पुढून कुणी ओढत नव्हतं. ढिली पडलेली दोरी पात्यांत गुंडाळली गेली होती. ती आधी सोडायची, हे मला सुचलंच नव्हतं.

मुलगा ओट्यावर उभा होता. हसला असता तर चाललं असतं. तो हळूच म्हणाला, "राहू द्या ना, बाबा."

त्या दयेने मी आणखी पेटलो. ओल्या गवतात बसून पात्यांतून दोरीचे तुकडे उपसले, बोट कापून घेतलं. उरलेली दोरी सोडून फेकणार होतो, पण गाठ तिने मारलेली होती, सुटेना. ती तशीच वर घेऊन दांड्याला अडकवली आणि पुन्हा ढकलू लागलो.

संध्याकाळपर्यंत पाव हिस्साही कापून झाला नाही. दुसऱ्या दिवशी मजूर आले, मी फाटक उघडलं नाही. मुलगा त्याच दिवशी आपल्या घरी निघून गेला. गुंडाळ्या अजून भिंतीशी उभ्या आहेत. त्या परत न्यायला तो कुणाला पाठवत नाही आणि मीही त्याला फोन करत नाही. रोज थोडं कापतो. वेडंवाकडं दिसतं. दिसू दे.